सिद्रामप्पांचा उन्हाचा बंब

सोलापूरच्या उन्हाला शिव्या न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमचा घरमालक निघाला. एप्रिल महिन्यात दुपारी सगळी गल्ली दारं-खिडक्या लावून, ओलं फडकं डोक्यावर घेऊन पडलेली असायची. सिद्रामप्पा मात्र सोप्यात स्टुलावर बसून समोरच्या पांढऱ्याफटक अंगणाकडे बघत हळहळत असायचे. नळ उघडा टाकून कुणी गावाला गेलं की आपला जीव जसा वरखाली होतो, तसा त्यांचा ऊन बघून व्हायचा. मी शाळेतून घामानं निथळत आले की म्हणायचे, “बघा बाई, सकाळधरनं कसं सांडलालंय. कुणी वाटीभर धरत न्हाय.” मी मनात म्हणायची, धरा हो धरा, सगळं तुम्हीच धरा आणि आम्हाला सोडा.

मी माळशिरसकडची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमचं लग्न झालं. ह्यांची नोकरी पोस्टात, मला एका प्राथमिक शाळेत जागा मिळाली, आणि आम्ही बाळीवेशीजवळ सिद्रामप्पांच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. घर लहानच होतं. मध्ये फरशीचं अंगण, एका बाजूला ते दोघं नवरा-बायको, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं, मागं न्हाणीघर, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मातीचं माळवद. माळवदाचं घर उन्हाळ्यात थंड राहतं, असं अप्पांनी खोल्या दाखवताना सांगितलं होतं. ते गळतं, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं.

अप्पांनी एका कापड मिलमध्ये बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता आणि नुकतेच ते घरी बसले होते. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून भुवया कायमच्या अर्ध्या जळालेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर सदानकदा आश्चर्य. खिशात रुमाल नाही, मिलमधला सुताचा गुंता. त्यानंच हात पुसायचे, त्यानंच चष्मा, त्यानंच नाक. तळहात असे निबर झालेले की चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवायचे आणि वर आपल्याशी गप्पा मारत ते धरून उभे राहायचे. बघणाऱ्याचाच हात भाजायचा.

ह्या तळहातांना ते ‘मीटर’ म्हणत. कशालाही हात लावून किती डिग्री ते सांगायचे. चहाच्या कपाला, भिंतीला, शेजारच्या म्हशीच्या पाठीला. एकदा ह्यांना ताप आला तर न बोलावता येऊन कपाळावर हात ठेवला आणि एकशे तीन सांगून मोकळे झाले. मी घाबरून थर्मामीटर लावला, तो नव्व्याण्णवच्या पुढे जाईना. अप्पांनी थर्मामीटर हातात घेऊन उलटसुलट केला आणि तो बिघडलाय असं शांतपणे सांगितलं. त्यांच्या लेखी ह्यांचा ताप शेवटपर्यंत एकशे तीनच होता.

असा हा माणूस, आणि त्याच्याच घरात गरम पाण्यानं बायकोचा जीव चालला होता.

अव्वा म्हणजे अप्पांची बायको, नीलव्वा. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. देवाशी कानडीत बोलायच्या, आमच्याशी मराठीत आणि अप्पांशी जे तोंडात येईल त्यात. अंगानं काटक बाई, पण दम्यानं पार पोखरून टाकली होती. अंगणातून सोप्यात आल्या तरी खांबाला धरून उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी अप्पांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की पहाटेचा तो धूर बंद करा, नाहीतर पुढच्या एक-दोन हिवाळ्यांचं मी काही सांगू शकत नाही. गार पाणीही अंगावर घ्यायचं नाही. अप्पांनी हे मला आम्ही राहायला गेल्यावर आठवड्याच्या आतच सांगितलं, आणि सांगताना सुताच्या गुंत्यानं चष्मा इतका वेळ पुसला की मला समजायचं ते समजलं.

धूर बंबाचा होता. अव्वा पहाटे चारला उठायच्या, न्हाणीघरातला तांब्याचा बंब पेटवायच्या, आंघोळ करायच्या आणि मग इष्टलिंगाची पूजा. लग्न झाल्यापासून ह्यात खंड नव्हता. लाकूड महागलं होतं म्हणून बंबात शेण्या, तुरकाट्या, शेंगांची टरफलं असं काय वाट्टेल ते जायचं. चारला आमच्या खोलीत आधी धूर शिरायचा आणि मागोमाग अव्वांचा खोकला. तो ऐकत पडून राहणं फार वाईट होतं. मी दोन-तीनदा म्हणाले, अव्वा, मी पेटवते, तुम्ही बाहेर बसा. त्यांनी ऐकलं नाही. पूजेच्या आंघोळीचा विस्तव दुसऱ्याच्या हातचा चालत नव्हता.

आणि अप्पांना तर बंबाजवळ फिरकायची बंदी होती. त्यांनी एकदा हट्टानं बंब पेटवला होता. बत्तीस वर्षं मिलच्या बॉयलरला कोळसा घातलेला हात, तो मूठभर टरफलांवर कसा थांबणार? त्यांनी दाबून जाळ केला, वर दुरून पंख्यानं वारा घातला आणि चहा प्यायला गेले. बंबातलं पाणी उडून गेलं, तोटीच्या सांध्याचा डाख वितळला आणि तोटी फरशीवर पडली. अव्वा त्या बंबाला माहेरून आलेला बंब म्हणत. पुढचं मी सांगत नाही.

मग दुसरं काय? विजेचा रॉड आणला, तर त्याच आठवड्यात मागच्या गल्लीत कुणालातरी बादलीतून झटका बसला आणि अव्वांनी तो रॉड हात न लावता काठीनं ढकलत घराबाहेर काढला. शिवाय पहाटे वीज असेलच ह्याची खात्री कुणाला? रॉकेल रेशनवर, रांगेत उभं राहून जे मिळायचं ते चहालाच पुरत नसे. गॅससाठी नाव नोंदवलं होतं, पण नंबर ह्या जन्मात लागेल असं नोंदवणाऱ्या माणसालाही वाटत नव्हतं. अप्पांनी हे सगळं एकेक करून निकालात काढलं आणि एक दिवस स्टुलावरून उठले. अंगणात गेले, फरशीवर उघडा तळवा टेकवला, बराच वेळ तसेच बसले. मला वाटलं चक्कर आली. मी धावले, तर म्हणाले, “बाई, साठच्या वर हाय. फुकट.”

दुसऱ्या दिवशी माळवदावर डांबर फासलेलं एक पत्र्याचं पिंप चढलं. पिंपात पाणी, पिंपाला ऊन, संपलं. दुपारी तीनला पाणी इतकं कढत झालं की अप्पांनाही हात मागं घ्यावा लागला, आणि तो दिवस त्यांनी पेढे वाटून साजरा केला. एवढंच की पाणी दुपारी तीनला गरम झालं होतं, आणि सोलापुरात दुपारी तीनला, त्यातून एप्रिलमध्ये, कढत पाण्यानं आंघोळ करायची इच्छा कुणाला होत नाही. अव्वांना ते पहाटे चारला हवं होतं. तोवर पिंप थंडगार व्हायचं.

पण पाणी वाया कसं घालवायचं? मग अप्पांनी घरादाराला दुपारी आंघोळीला लावलं. मी शाळेतून यायची अन् दारात अप्पा टॉवेल घेऊन उभे. ह्यांना रविवारी झोपेतून उठवून न्हाणीघरात ढकललं. पोस्टमन पत्र द्यायला आला, त्यालाही विचारलं. तो सायकलवर बसून गेला आणि पुढचे काही दिवस आमची पत्रं शेजारी टाकत होता. शेवटी कुणीच मिळेना तेव्हा अप्पा स्वतः दिवसातून तीन-तीन आंघोळी करायला लागले. त्यांच्या अंगाला साबणाचा इतका वास यायचा की गल्लीतली माणसं विचारायची, कुठं लग्नाला निघालाव?

हे थांबलं ते पावसाळ्यात. पावसाळाभर अप्पा पाटीवर खडूनं आकृत्या काढत बसले, आणि गणपती झाल्यावर जुन्या बाजारातून लोखंडी नळ्या घेऊन आले. लाकडी चौकट, तळाला काळा रंगवलेला पत्रा, पत्र्यावर नळ्या, आणि वरून काच. गरम पाणी आपोआप वर चढतं, म्हणून टाकी चौकटीपेक्षा उंचावर. हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं की मी ते तिसरीच्या वर्गाला शिकवलं. सगळं जमलं, अडलं काचेशी. मोठी काच परवडणारी नव्हती.

एका रविवारी अव्वा गुळपोळीचं पीठ मळून बाहेर आल्या आणि सोप्यातल्या भिंतीकडे बघून जागच्या जागी थांबल्या. भिंतीवर त्यांच्या घराण्याचे फोटो होते. अप्पांचे आई-वडील, आजोबा, अव्वांचे वडील पागोटं घालून, एक काका, कुणी एक स्वामी. सगळे जागच्या जागी होते, पण काचा नव्हत्या. काचा माळवदावर, चौकटीत एकाला एक लावून, सुताराच्या लांबीनं चिकटवलेल्या. अव्वांच्या वडिलांची काच सगळ्यात मोठी, ती मधोमध. अप्पा खाली आले तेव्हा अव्वा नुसत्या बघत होत्या, कारण बोलायला दम नव्हता. अप्पा म्हणाले, “सगळे मिळून तुझ्यासाठी पाणी तापवलालेत की. जिवंतपणी कुणी केलं होतं काय?” अव्वांनी पिठानं माखलेलं बोट अप्पांच्या कपाळाला टेकवलं आणि कानडीत हुच्च म्हणाल्या. ह्याचा अर्थ वेडा, आणि तो शब्द त्यांच्या तोंडी आम्हाला इतका सवयीचा झाला होता की मीही मनातल्या मनात अप्पांना तेच म्हणायची. त्यानंतर सोप्यातले पूर्वज उघडेच राहिले आणि दर सणाला त्यांच्या कपाळाला खरंखुरं गंध लागायला लागलं.

ह्या खेपेला पाणी दिवेलागणीपर्यंत चांगलं गरम राहायचं. पण पहाटेचं काय? टाकीला काहीतरी पांघरूण हवं होतं. मिलमध्ये वाफेच्या नळ्यांना दोर गुंडाळून लिंपतात, ते घरी कुठून आणायचं. अप्पांनी आधी टाकीभोवती आमच्या दोन चादरी गुंडाळल्या. त्यातली एक माझ्या रुखवतातली होती, हे त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. चादरीनं भागेना. मग बाजाराच्या दिवशी सांगोल्याकडचे एक मेंढपाळ घोंगड्या विकायला बसले होते, त्यांच्याशी अप्पांनी अर्धा दिवस बोलून काढला. मेंढरं माघाच्या थंडीत उघड्यावर कशी राहतात, एवढाच विषय. संध्याकाळी अप्पा घरी आले ते डोक्यावर लोकरीचं गाठोडं घेऊन. कातरलेली, न धुतलेली, काट्याकुट्यासकट लोकर. ती टाकीभोवती वीतभर जाड बसवली, वरून घोंगडी शिवली. टाकी बसलेल्या मेंढीसारखी दिसायची, आणि पाऊस शिंपडला की वासही तसाच यायचा. गल्लीतली एक शेळी चार दिवस जिन्याखाली उभी राहून वर बघत ओरडत होती.

पण पाणी राहिलं. दिवाळीच्या आधीच्या एका पहाटे अप्पांनी आमचं दार वाजवून मला उठवलं, न्हाणीघरात नेलं आणि तोटी सोडली. वाफ आली. पहाटे चारला, धुराचा मागमूस नाही, आणि बादलीतून वाफ. अप्पांचा चेहरा असा झाला होता की मी झोपमोड विसरले. त्यांनी अव्वांना हाक मारली. अव्वा आल्या, कोपर पाण्यात बुडवून बघितलं. मग एवढंच विचारलं, “हे पाणी भरलं कधी?”

अप्पा अभिमानानं म्हणाले, काल सकाळी.

“मग हे शिळं की,” अव्वा म्हणाल्या. त्यांनी लुगड्याला कोपर पुसलं आणि बंबात शेणी घातली.

मला हसू आलं आणि रडूही. सहा-सात महिने माणूस मरमर मरला आणि त्याला हे सुचलंच नाही. रात्रीचं भरलेलं पाणी पूजेला चालत नाही, हे त्याच्या घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. अव्वा आंघोळीला रोज पहाटे नळ आल्यावर ताजं पाणी भरायच्या, तेच बंबात ओतायच्या. अप्पांनी पाणी रात्रभर गरम ठेवायची सगळी खटपट केली, आणि पाणी रात्रभर ठेवलं हाच त्यांचा गुन्हा झाला.

ते मठात स्वामींकडे गेले. स्वामी मोठ्या मनाचे होते. म्हणाले, आपल्यात शिळं-ताजं नसतंच, शरणांनी ते कधीच मोडीत काढलं, लिंगाला भाव लागतो. अप्पा हे ऐकून उड्या मारत घरी आले आणि अव्वांना शब्दन् शब्द सांगितला. अव्वांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, स्वामींचं पाणी त्यांचा माणूस पहाटे उठून ताजं तापवतो, मी डोळ्यांनी बघितलंय. अप्पांनी दोन दिवस कशाला हात लावून डिग्री सांगितली नाही.

पौषात व्हायचं ते झालं. पहाटे खोकला सुरू झाला आणि एकदम थांबला. तो थांबला म्हणूनच मी उठले. न्हाणीघरात धूर कोंडलेला, अव्वा बंबाशेजारी फरशीवर, ओठ निळे. अप्पांनी त्यांना उचललं. ह्यांनी धावत जाऊन टांगा आणला आणि आम्ही सरकारी दवाखान्यात पोचलो. वाटेत अप्पा अव्वांचा तळहात आपल्या तळहातांत धरून बसले होते. मीटरवाला माणूस, पण किती डिग्री ते काही बोलला नाही. मी त्यांच्याकडे बघायचंच टाळलं.

उजाडता उजाडता डॉक्टरांनी सांगितलं, ह्या वेळी वाचल्या. अप्पा बाहेरच्या बाकावर बसले होते, पायात चप्पल नव्हती. मी चहा दिला तो हातात तसाच धरून म्हणाले, “बत्तीस वर्षं मी पाणीच तापवलं, बाई. सगळी मिल चालली त्याच्यावर. आणि हिला एक बादली देता येईना मला.” मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

अव्वा आठ दिवस दवाखान्यात होत्या. त्या आठ दिवसांत अप्पांनी तांब्याची एक लांब नळी पैदा केली. तिच्यात वाळू ठासून भरली, म्हणजे वाकवताना चेपत नाही, आणि ती माझ्या पितळी हंड्याभोवती गोल गोल गुंडाळली. हंड्याला पोचे आले ते आले. मग वाळू झटकून ते वेटोळं मेंढीच्या पोटात, म्हणजे टाकीत बसवलं. एक टोक वर, त्याला माळवदावर एक नरसाळं. दुसरं टोक खाली न्हाणीघरात. नरसाळ्यात पाणी ओतलं की ते टाकीतल्या गरम पाण्यामधून, पण त्याला न शिवता, वेटोळ्यातून फिरत खाली यायचं आणि येताना गरम व्हायचं. मिलमध्ये बॉयलरला जाणारं पाणी आधी असंच तापवतात म्हणे. बत्तीस वर्षं नजरेसमोर असलेली गोष्ट, पण आठवली ती दवाखान्याच्या बाकावर.

अव्वा घरी आल्या. अप्पांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाटीवर वेटोळं काढलं आणि समजावून सांगितलं. टाकीतलं शिळं पाणी टाकीतच राहतं. नळाचं ताजं पाणी वेगळ्या वाटेनं येतं, दोघांची गाठ पडत नाही. पाणी आजचं, ऊब कालची. मग त्यांनी विचारलं, “पाणी शिळं होतं, मान्य. ऊन शिळं होतं काय?”

अव्वा विचार करत राहिल्या. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला नारळ बोलले. शेवटी अव्वा म्हणाल्या की उन्हाचं कुणी सांगितलेलं नाही. चालेल. पण पूजेच्या आंघोळीचं पाणी ओतणाऱ्यानं आधी स्वतः आंघोळ केलेली पाहिजे, आणि तीही ताज्या पाण्यानं. डॉक्टरांनी मला जिना चढू नको म्हणून सांगितलंय, तर तुम्ही ओता.

अप्पांनी आनंदानं मान हलवली. ह्यात काय गोम आहे ती मला दुसऱ्या दिवशी पहाटे समजली. ताजं गरम पाणी नरसाळ्यात पहिली घागर ओतल्याशिवाय येत नव्हतं. आणि पहिली घागर ओतणाऱ्यानं तर आधी आंघोळ केलेली हवी. म्हणजे त्यानं आंघोळ करायची कशानं? नळाच्या पाण्यानं. पौषात, पहाटे चारला. सगळ्या घराला गरम पाणी देणारा माणूस अंगणात उघड्यावर बसून थंडगार पाण्याचे तांबे अंगावर घेत होता आणि दात वाजू नयेत म्हणून सुताचा गुंता दातांत धरत होता. मी म्हणाले, अप्पा, टाकीतलं घ्या की दोन तांबे, मी कुणाला सांगणार नाही. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना दरोडा घालायला सांगितलं होतं.

पुढं तीन हिवाळे मी हे रोज ऐकलं. चारला नळ, मग ह्ह ह्ह ह्ह असा अप्पांचा आवाज, मग ओल्या पावलांनी जिना चढणं, माळवदावर चालणं. एखाद्या दिवशी घागर हिंदकळली की आमच्या खोलीत ठिबकायचं, नेमकं वह्यांवर. मुलांच्या पाढ्यांवर अप्पांच्या पाण्याचे डाग पडलेले असायचे. मी कधी तक्रार केली नाही. म्हणजे, केली, पण थोडी. ढगाळ दिवसाच्या दुसऱ्या पहाटे पाणी कोमट यायचं, तेव्हा अव्वा कपाळाला आठ्या घालून त्यानंच आंघोळ करायच्या, पण बंबाकडे वळल्या नाहीत. बंब पुढं तुळशीजवळ गेला आणि त्यात कोरफड लावली. लोक माळवद बघायला यायचे. एक-दोघांनी आपल्याकडेही करून द्या म्हटलं. अप्पांनी करून दिलं, पण वेटोळं कुणालाच नको होतं. सगळ्यांना शिळं चालत होतं.

ह्यांची बदली करकंबला झाली तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. सामान आदल्या दिवशी ट्रकनं गेलं होतं, आम्हाला पहाटेची पहिली एसटी धरायची होती. मी निरोप घ्यायला अंगणात आले, तर अव्वा न्हाणीघरात होत्या आणि जोरजोरात बोलत होत्या. मी जिना चढून वर गेले. अप्पा नरसाळ्याजवळ उभे होते, अंगावर ओला पंचा, अंगभर शहारे, हातात घागर.

खालून अव्वा सांगत होत्या की पाणी कोमट आलं, घाई केली, किती वेळा सांगितलं बारीक धार धरा म्हणून. तुमच्या घराण्यातच घाई. तुमच्या आईनं माझ्या लग्नात हळद वाळायच्या आत जेवणं उठवली. तुमच्या थोरल्या भावानं बैल बघायच्या आधीच विसार देऊन टाकला. हे कानडीत, मग मराठीत, मग पुन्हा कानडीत. मी हळूच म्हणाले, अप्पा, सावकाश ओता ना, तुम्हाला तर माहीत आहे.

अप्पांनी ओठांवर बोट ठेवलं.

“येतं की मला सावकाश ओतायला,” ते कुजबुजले. “रोज पहिली घागर मुद्दाम अशी ओततो. ऐका. मधी दम घ्यायला कुटं थांबली काय?”

मी ऐकलं. अव्वा आता अप्पांच्या आत्यापर्यंत पोचल्या होत्या, आणि मध्ये कुठं थांबल्या नव्हत्या. एकदासुद्धा नाही. अप्पा डोळे मिटून, कुडकुडत, मान डोलावत उभे होते. आत्या संपून मावशी सुरू झाली तशी त्यांनी दुसरी घागर उचलली आणि भसकन नरसाळ्यात रिकामी केली.